बहात्तरावं मिनिट

दुपारी साडेबारा ही फुटबॉलची वेळ आहे का? शनिवारचा सामना तीन वाजता असतो. माझा बाप तीनला जायचा, त्याचा बाप तीनला जायचा. पण टीव्हीवाल्यांना साडेबाराची लहर आली आणि आमच्या क्लबच्या मालकाने मान डोलावली. साडेबाराला ना पबमध्ये नीट बसता येतं, ना घरी जेवता येतं. त्यात आमचा गोलकीपर. चेंडू हातात आला की लांब मारायचा सोडून तो शेजारच्या बचावपटूला हळूच देतो, तो परत ह्याला देतो, आणि तेवढ्यात समोरचा कुणीतरी येऊन चेंडू घेऊन जातो. ह्याला म्हणे आधुनिक खेळ म्हणतात. मी ओरडतो, "अरे लांब मार की, टोणग्या!" तर मागच्या रांगेतले लोक मलाच हसतात.

मी ट्रेव्हर. ब्रॅकनशॉ टाउनचा समर्थक. आमची टीम तिसऱ्या श्रेणीत खेळते आणि चौथ्या श्रेणीच्या लायकीची आहे. मैदानाला आता एका जुगाराच्या कंपनीचं नाव दिलंय, ते मी तोंडातून काढत नाही. सॉसेज रोल बाहेरून करपलेला आणि आतून गार. हे सगळं मी सहन केलं. कुरकुर केली, पण सहन केलं. कुरकुर करायला मिळते म्हणून तर माणूस मैदानावर जातो.

पण मालकाने जाहीर केलं की मैदान विकून तिथे फ्लॅट बांधणार आणि पुढच्या हंगामापासून आम्ही शेजारच्या मॉर्टनलीच्या, आमच्या पिढीजात वैऱ्यांच्या, मैदानावर भाडेकरू म्हणून खेळायचं. मॉर्टनली! सख्ख्या भाचीचं लग्न त्या गावात होतं म्हणून मी लग्नाला गेलो नाही, तिथे मी आता दर पंधरवड्याला तिकीट काढून जायचं? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आम्ही समिती केली. मी आणि गॅरी, जो प्लंबर आहे आणि सभेतही नळ दुरुस्त करत असल्यासारखा खाली बघून बोलतो. घोषणा माझी: "सत्तर मिनिटं टीमची, वीस मिनिटं मालकाची." मॉर्टनलीविरुद्धचाच सामना टीव्हीवर थेट दाखवणार होते. सत्तराव्या मिनिटाला सगळ्यांनी उठून चालू पडायचं, कॅमेऱ्यासमोर रिकाम्या खुर्च्या ठेवून. सभेत मी टेबलावर मूठ आपटून सांगितलं होतं, "ऐन वेळी अफवा पसरवतील. वेळ बदलली म्हणतील, थांबा म्हणतील, माझं नाव घेऊनसुद्धा म्हणतील. कुणाचं ऐकायचं नाही. उठायचं!" टाळ्यांचा कडकडाट झाला. डेरेकने टाळ्या वाजवल्या नाहीत.

डेरेक हॉलरॉइड, माझ्या शेजारच्या खुर्चीतला. उभ्या आयुष्यात तो शेवटच्या शिट्टीआधी उठला नाही. पाच गोलांनी हरत असलो तरी नाही. मी ऐंशीव्या मिनिटाला शिव्या घालत निघालो की म्हणायचा, "जा, ट्रॅफिक वाट बघतंय तुझी." सभेनंतर मला म्हणाला, "मालक हलकट आहे, मान्य. पण मी नाही उठणार."

"मग बस एकटा."

"बसेन की."

त्यानंतर आठवडाभरात तो गेला. झोपेत, हृदय बंद पडून. साधी कुरकुरसुद्धा न करता.

आमच्याकडे जुना समर्थक गेला की त्याच्या वयाच्या मिनिटाला सगळं मैदान उभं राहून मिनिटभर टाळ्या वाजवतं. डेरेक बहात्तर वर्षांचा होता. क्लबच्या ऑफिसात जाऊन मी सगळं ठरवून आलो: आधी माईकवरून घोषणा, मग त्या मिनिटाला मोठ्या पडद्यावर फोटो. डेरेकची बायको ग्लेनिस हिला आमंत्रण दिलं. जन्मात ती मैदानावर आली नव्हती. फुटबॉल म्हटलं की तिच्या कपाळावर आठी पडायची. पण ह्या वेळी म्हणाली, "येते. अठ्ठेचाळीस वर्षं माझे शनिवार तुम्ही घेतलेत, ट्रेव्ह. तिथे त्याचं काय एवढं होतं, मिनिटभर तरी बघू दे मला."

सामन्याच्या दिवशी पबमध्ये गॅरी ग्लासात बघत म्हणाला, "ट्रेव्हर, एक विचारू? डेरेकच्या टाळ्या बहात्तरला."

"मग?"

"आणि आपण उठणार सत्तरला."

माझ्या हातातला ग्लास तसाच राहिला. दोन्ही गोष्टी मीच ठरवल्या होत्या. रोज दोन्हींबद्दल बोलत होतो, आणि एकदाही दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघितले नाहीत. संतापलेला माणूस आकडे कसले बघतो?

"मग तू आधी का नाही बोललास, गाढवा?"

"मला वाटलं, तुझा काहीतरी विचार असेल."

मी लगेच फोनवर समितीच्या ग्रुपला कळवलं: पंच्याहत्तरला उठायचं, डेरेकच्या टाळ्या झाल्यावर. मिनिटभरात उत्तरं यायला लागली. 'आली बघा अफवा.' 'ट्रेव्हरचा फोन कुणीतरी पळवला.' 'मालकाचे चमचे कामाला लागले.' मी लिहिलं, अरे मीच आहे. त्यावर एकाने लिहिलं, 'ट्रेव्हर असता तर शिवी दिली असती.' मग मी शिवी दिली, तर म्हणाला, 'बऱ्यापैकी जमलीय.'

माईकवाल्याकडे गेलो. म्हटलं, दोन वाक्यं बोलू दे. तो म्हणाला, "डेरेकचं सांगतो. निषेधाचं नाव काढलं तर माझी नोकरी जाईल." दारादारावर उभा राहून सांगत सुटलो. ओळखीचे लोक डोळा मारून म्हणायचे, "कळलं, कळलं. सत्तर!"

ग्लेनिस आली. निळा कोट, चर्चला जाताना लावते तशी लिपस्टिक. तिला डेरेकच्या खुर्चीवर बसवलं. ती खुर्चीच्या हातावरून हात फिरवत म्हणाली, "एवढी अरुंद? इथे बसायचा तो?" मला तिला सत्तरचं सांगायचं होतं. तोंड उघडलं आणि म्हटलं, "थंडी वाजतेय का?"

खेळाबद्दल काय बोलायचं. आमच्या गोलकीपरने पुन्हा चेंडू हळूच दिला आणि मॉर्टनलीने पुन्हा गोल केला. त्यांचे हजारभर लोक पलीकडच्या कोपऱ्यात आमच्यावर गाणं म्हणत होते: पुढच्या वर्षी भाडं वेळेवर द्या, भाडं वेळेवर द्या. मी उभा राहून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ग्लेनिस माझी बाही ओढत म्हणाली, "डेरेकपण असं बोलायचा?"

"माझ्यापेक्षा वाईट."

ती पहिल्यांदा हसली.

एकोणसत्तराव्या मिनिटाला आमच्या एकाने मोकळ्या गोलसमोर चेंडू आकाशात मारला. तेवढंच बाकी होतं. सगळा स्टँड एका आवाजात ओरडायला लागला, माझीच घोषणा. मग खुर्च्या धडाधड मिटायला लागल्या.

मी खुर्चीवर चढलो. "थांबा! पाच मिनिटं! डेरेकसाठी!"

"चल रे ट्रेव्हर, तूच म्हणालास, कुणाचं ऐकायचं नाही."

"मी सांगतोय आता! मी!"

"हेसुद्धा सांगितलं होतंस," खालून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. डेरेकला ओळखणारे लोक होते हे. त्याच्याकडून सिगारेटी उसन्या घेतलेले, त्याच्या गाडीतून बाहेरगावच्या सामन्यांना गेलेले. मुठी उगारून, गाणी म्हणत माझ्यासमोरून चालले होते, आणि त्यांना वाटत होतं की ते माझ्यासाठीच चाललेत. काहींच्या कॉलरला धरलं मी. एकाला ढकललं. गॅरी तेवढा खाली मान घालून जागेवर बसून राहिला. बाकी रांगा रिकाम्या झाल्या. वरच्या काचेच्या खोलीत मालक कुणाशी तरी गप्पा मारत होता. त्याने खाली बघितलंसुद्धा नाही.

ग्लेनिस इकडे तिकडे बघत होती. "संपलं का?"

"नाही."

"मग सगळे का चाललेत?"

"निषेध आहे, ग्लेनिस."

तिचा चेहरा पडला. "डेरेकचा?"

"छे, छे. मालकाचा," मी म्हटलं, पण पडद्यावर तेवढ्यात डेरेकचा फोटो आला. टक्कल, वाकडा चष्मा, कुठल्यातरी समुद्रकिनाऱ्यावर डोळे बारीक करून हसणारा. मी टाळ्या वाजवायला लागलो. गॅरीने वाजवल्या. वरच्या रांगेत दोन-चार म्हातारे उठले. एवढ्या मोठ्या मैदानात तो आवाज इतका किरकोळ होता की मला आमच्या सगळ्या गावाची शिसारी आली. ग्लेनिस उभी होती, पर्स पोटाशी धरून, रिकाम्या खुर्च्यांकडे बघत.

मग पलीकडच्या कोपऱ्यातलं गाणं थांबलं. मला वाटलं, आता काहीतरी घाण ओरडतील, आणि ओरडले असते तर मी कुंपण ओलांडून गेलो असतो. पण ते उभे राहिले. सगळे. हात डोक्याच्या वर नेऊन टाळ्या वाजवायला लागले. मैदानात खेळ चालू होता, कोपऱ्यात चेंडू होता, आणि त्यांच्यातलं कुणी चेंडूकडे बघत नव्हतं. पूर्ण मिनिट वाजवल्या. एवढ्या जोरात की छताचा पत्रा हादरत होता.

मला काय वाटलं सांगतो. राग आला. एवढा राग त्यांनी गोल केला तेव्हा आला नव्हता. हे काम आमचं होतं. नालायकांनो, हे आमचं काम होतं.

ग्लेनिस रडत होती आणि हसतही होती. जाड कोट घातलेली ती माणसं लांबून तिला आमच्या माणसांसारखीच दिसत होती. तिने त्यांच्याकडे बघून हात हलवला आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी उलट हात हलवला.

"बघ, गेले नाहीत ते," ती म्हणाली. "ही त्याची माणसं का, ट्रेव्ह? ह्यांच्यासाठी यायचा तो?"

गॅरीने माझ्याकडे बघितलं.

"हो," मी म्हटलं. आणि दातओठ खात मॉर्टनलीवाल्यांच्या दिशेने हात वर केला.