सुरवंता अजून अलीकडच्या काठावर

भामाबाईला सुरवंताची धनगरी ववी निम्मी पाठ होती. निम्मीच. उरलेल्या निम्म्याच्या आड भाकरी आली होती.

ती लहान असताना जतकडच्या माळावर बिरोबाच्या जत्रेला अर्जुनाबापूंचं ववी मंडळ यायचं. मंडळ माणदेशातलं, सातारा जिल्ह्यातलं. बापूंना तेव्हा मिसरूड फुटत होतं, पण आवाज असा, की मेंढ्या रवंथ थांबवून ऐकत. असं भामाबाई सांगायची. मेंढ्यांना विचारायची सोय नसल्यामुळं ते मान्य करावं लागे. बापू रात्री ढोल-कैताळाच्या साथीनं सुरवंता लावायचे. सासरी गांजलेली सुरवंता एक काळी मेंढी घेऊन माहेरच्या वाटेला लागते, सात माळ तुडवते, लांडग्याशी बोलणी करते आणि नदीच्या काठावर येऊन उभी राहते. नदीला पूर. पलीकडं भाऊ.

आणि बरोबर इथंच, दरसाल, कुणीतरी म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणायची, "उठा गं पोरींनू, गजी नाचून मान्सं भुकेजली असत्याल."

बायका उठायच्या. भाकऱ्या थापून होईपर्यंत पुरुषमंडळी शेवट ऐकून, डोळे पुसून, कालवण काय आहे याची चौकशी करत आलेली असायची. पुढं लग्न झाल्यावर भामाबाईनं नवऱ्याला विचारलं, "मग सुरवंता पार झाली का?" नवरा म्हणाला, "मला झोप लागली हुती." तो असं सलग एकवीस वर्षं म्हणाला. मग तो वारला.

असं करत भामाबाई बासष्ट वर्षांची झाली आणि सुरवंता काठावरच राहिली.

भामाबाईचा मुलगा राजवर्धन सांगलीत हळद पॉलिश करायच्या कारखान्यात सुपरवायझर होता. हळद त्याच्या कानात, नखांत आणि बँकेच्या पासबुकात असायची. नवीन माणसं त्याला बघून लग्नाच्या शुभेच्छा देत. लग्नाला आठ वर्षं झाली होती, पण तो शुभेच्छा घ्यायचा. आलेली वस्तू परत करू नये, असं त्याचं मत होतं.

त्याला एक दिवस मार्केट यार्डाच्या कोपऱ्यावर बोर्ड दिसला. शनिवारी संध्याकाळी साडेसहाला शाळेच्या पटांगणात अर्जुनाबापू आणि मंडळी सादर करणार 'संपूर्ण सुरवंता'. त्यानं तिथूनच आईला फोन लावला.

"शेवटासकट?" भामाबाईनं विचारलं.

"बोर्डावर संपूर्ण लिवलंय, आये."

"बोर्ड लिवनारा कोन हाय?"

"ते न्हाई लिवलं."

कार्यक्रम शनिवारचा होता. भामाबाई गुरुवारी आली. एसटीचा भरवसा नसतो, असं तिनं सांगितलं. शनिवारी दुपारी चारलाच तिनं सगळ्यांना जेवायला घातलं, भांडी घासली, चुलीसारखा गॅस पोतेऱ्यानं पुसला आणि ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून दारात बसली. आज तिला कुणी उठवू शकणार नव्हतं.

पटांगणात ती पहिल्या रांगेत बसली. साडेसहाचा कार्यक्रम पावणेआठला सुरू झाला, कारण आधी बावीस पाहुण्यांचे सत्कार होते. एका पाहुण्याचा चुकून दोनदा झाला. तोही काही बोलला नाही. पटांगणाला रात्री दहापर्यंतची परवानगी होती. त्यासाठी एक हवालदार स्टेजच्या कडेला खुर्ची टाकून बसला होता. मनगटावर घड्याळ, डोळ्यांत आधीपासूनच पाणी. तो आटपाडीकडचा, ववी ऐकतच वाढलेला होता.

बापू आले. पंचाहत्तरी गाठलेले, पिवळा फेटा, खांद्यावर घोंगडी. मागं ढोलवाले आणि तिघं झीलकरी. बापूंनी ओळ म्हणायची आणि झीलकऱ्यांनी तिचं शेपूट धरून वर न्यायचं, अशी रीत. बापूंनी कानावर हात ठेवून पहिली हाळी दिली आणि भामाबाईनं राजवर्धनचं मनगट गच्च धरलं.

"त्योच आवाज हाय रं," ती म्हणाली. "जरा झिजलाय. पर त्योच."

ववीच्या कार्यक्रमात बक्षीस द्यायची चाल असते. कुणी बक्षीस दिलं की गाणं थांबतं. देणाऱ्याचं नाव, गाव, कुळी माईकवर पुकारतात, बिरोबा त्याची मेंढरं राखो म्हणतात, ढोलाचा एक फेर होतो, आणि मग गाणं जिथं थांबलं होतं त्याच्या जरा मागून परत सुरू होतं. पूर्वी त्यासाठी उठून, सगळ्यांच्या पायांवर पाय देत स्टेजपर्यंत जावं लागे. लोक विचार करत. आता ढोलाला क्यूआर कोड चिकटवला होता आणि तोच स्टेजमागच्या मोठ्या पडद्यावरही दाखवला होता. शेजारच्या स्टुलावर पैसे आल्याची वर्दी देणारा डबा होता. तो डबा माईकच्या जवळ होता. त्यातली बाई बापूंच्या आधीच बोलायची, आणि ती सुरात नव्हती.

सुरवंता घरातून निघाली तेव्हा राजवर्धनला कल्पना सुचली. बासष्ट वर्षांत आईचं नाव माईकवर कधी आलं नव्हतं. गावच्या जत्रेत वडलांचं यायचं, चुलत्यांचं यायचं, एकदा वडलांच्या म्हशीचंही आलं होतं. त्यानं बसल्या जागी मोबाइल काढला, आईच्या नावानं एकशे एक पाठवले. डबा बोलला. बापू थांबले. मोबाइल बघणाऱ्या झीलकऱ्यानं त्यांच्या कानात सांगितलं.

"जतच्या भामाबाई यांच्याकडून मंडळाला बक्षीस! माउलीची मेंढरं बिरोबा राखो!"

ढोल वाजला. भामाबाईनं पदर पुढं ओढला. तिच्याकडं मेंढरं नव्हती, पण पदराआड ती हसत होती, हे राजवर्धनला नीट दिसलं.

हे मागच्या रांगेत गुंडालाही दिसलं. गुंडा राजवर्धनचा मामेभाऊ, फौजेतून सुट्टीवर आलेला. त्याची आई बनुबाई म्हणजे भामाबाईची भावजय. दोघींचं तीस वर्षांपूर्वी एका परातीवरून बिनसलेलं होतं. बनुबाई कार्यक्रमाला आलेली नव्हती. ती जतला झोपली होती.

डबा बोलला. "बनुबाई यांच्याकडून मंडळाला बक्षीस!"

राजवर्धननं मागं वळून बघितलं.

"जय हिंद," गुंडा म्हणाला.

मग राजवर्धनला गप्प बसता येईना. भामाबाईचं नाव दुसऱ्यांदा पुकारलं गेलं. सुरवंता तिसऱ्या माळावरून दुसऱ्या माळावर परत आली. गुंडानं बनुबाईचं पुकारायला लावलं. राजवर्धननं भामाबाईचं तिसऱ्यांदा. तेव्हा भामाबाई त्याच्याकडं न बघता म्हणाली, "पुरं रं आता."

इथं राजवर्धनची चूक झाली, आणि ती चूक त्याच्याकडचा कुणीही माणूस करील अशीच होती. आमच्या भागात पंगतीत पाहुणा "पुरं" म्हणाला की वाढप्यानं आणखी एक पोळी टाकायची असते. "नको नको" म्हणाला की दोन. खरोखर नको असेल त्यानं ताटावर आडवं पडायचं. राजवर्धनला वाटलं, आई लाजतेय. त्यानं पुन्हा पाठवले.

"राजा, पुरं म्हनलं न्हवं का," भामाबाई म्हणाली.

त्यानं पुन्हा पाठवले.

मग त्यात बाकीची जनता उतरली. एका वांगीवाल्यानं स्वतःच्या वाड्याच्या नावानं दिलं. एकानं बायकोच्या नावानं दिलं आणि तिनं त्याला तिथंच विचारलं, कुठल्या? गुंडानं मेलेल्या आज्याच्या नावानं दिलं, पण आजा राजवर्धनचाही होता, त्यामुळं ते कुणाच्या खात्यात धरायचं यावर मागच्या रांगेत चर्चा झाली. शेवटी गुंडानं 'सुलतान' या नावानं पाठवलं. बापूंनी सुलतानला आशीर्वाद दिला, त्याच्या लेकराबाळांना औक्ष मागितलं. सुलतान हा गुंडाचा मेंढा होता. बापूंना ते कळलं असतं तरी त्यांनी तेच म्हटलं असतं.

"राजा," भामाबाई तिसऱ्यांदा म्हणाली. या वेळी तिनं त्याच्या मोबाइलवर हात ठेवला. "गानं हुंदे की रं."

राजवर्धनच्या डोक्यात आत्ता कुठं उजेड पडला. त्यानं मोबाइल खिशात घातला आणि घड्याळ बघितलं. पावणेदहा झाले होते. सुरवंता सहाव्या माळावर होती.

पुढची पंधरा मिनिटं त्यानं आयुष्यात कशाची वाट बघितली नव्हती तशी सुरवंताच्या चालण्याची वाट बघितली. ती भराभर चालेना. लांडग्याशी बोलताना तिनं त्याच्या आईची चौकशी केली. मेंढीच्या पायात काटा मोडला, तो तिनं काढला. डबा आणखी दोनदा बोलला. ती बक्षिसं राजवर्धनची नव्हती, पण प्रत्येक वेळी भामाबाईची मान खाली गेली. दहाला दोन मिनिटं असताना सुरवंता नदीवर आली. पलीकडं भाऊ दिसला. बापूंचा आवाज खाली उतरला, ढोल हळू झाला, भामाबाई खुर्चीच्या कडेला सरकली.

हवालदार उठला. त्याचे गाल ओले होते. "बापू," तो म्हणाला, "दहा."

माईक बंद झाला. लोक ओरडले, गुंडानं हवालदाराला फौजेचं ओळखपत्र दाखवलं, त्याचा काही उपयोग झाला नाही. ढोल खाली ठेवले गेले. मंडळाचा टेम्पो चालू झाला, त्यांना पहाटे बारामतीकडं पोचायचं होतं.

राजवर्धन स्टेजमागं धावला. बापू टेम्पोच्या फाळक्याला टेकून पाणी पीत होते.

"बापू, आईनं चाळीस-पन्नास वर्षं शेवट ऐकला न्हाई. निस्तं सांगा. पार झाली का न्हाई?"

बापूंनी तांब्या खाली ठेवला. "पोरा, ते सांगायला एक शब्द लागतोय. पर त्यो शब्द त्याच्या जाग्यावर यायला मला तासभर लागतोय. आसा मधीच काडून दिला तर तुज्याबी उपेगाचा न्हाई आन् माज्याबी. पुढच्या साली यीन की. तवा गातो."

मग त्यांना मागून चालत आलेली भामाबाई दिसली. नाव कळल्यावर त्यांनी दोन्ही हात जोडले. "तुमीच व्हय भामाबाई! लय बक्षीस दिलंसा, माउली. आज मंडळाला सगळ्यात जास्ती तुमीच दिलंसा."

भामाबाईनंही हात जोडले. दुसरं काय करणार?

स्कूटरवर ती मागं बसली होती. राजवर्धननं विचारलं, "कसं झालं आये?"

"चांगलं झालं," ती म्हणाली. सकाळच्या गाडीनं ती गावी गेली.

पुढच्या साली बापू आले नाहीत. त्यांना पौषात अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. राजवर्धननं ही बातमी मोबाइलवर वाचली आणि त्या दिवशी कारखान्यात दोन पोती हळद चुकीच्या ढिगात गेली. त्यानं युट्यूब धुंडाळलं. सुरवंता अकरा जणांनी टाकली होती. सगळ्या ठिकाणी भाग एक. खाली लोकांनी विचारलं होतं, भाग दोन कुठं आहे? एकानं उत्तर दिलं होतं, खूप छान.

रविवारी तो एसटीनं म्हसवडला उतरला आणि तिथून वडापच्या जीपनं बापूंच्या वाडीला गेला. बापू अंगणात बाजेवर होते. त्यांनी ओळखलं की नाही, कळलं नाही. त्यांच्या घरच्यांनी तिघा झीलकऱ्यांना बोलावलं. तिघं आले, मांडी घालून बसले, घसे साफ केले. चाळीस वर्षं ते सुरवंता म्हणत होते. राजवर्धननं मोबाइल रेकॉर्डिंगला लावला.

तेव्हा अडचण ध्यानात आली. झीलकऱ्यांना प्रत्येक ओळीचं शेपूट येत होतं. डोकं बापूंचं होतं.

"...पान्यामंदी जी," तिघं म्हणाले. मग थांबले. बापूंनी डाव्या हातानं बाजेच्या काठावर ठेका धरला. "...भावराया जी." पुन्हा ठेका. "...येसकर कुठं गं जी."

"ह्यात येशीवरचा येसकर कुठनं आला?" राजवर्धननं विचारलं.

"आमाला काय म्हाईत?" मधला झीलकरी म्हणाला. "बापू म्हनायचं तवा आमी बिडीच्या इचारात असायचो. शेवट पकडायचा आन् सोडायचा."

सगळं मिळून चाळीस मिनिटं झाली. एका जागी तिघांचा आवाज फार वर गेला आणि बापूंचा ठेका चुकला. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. तिथं काय झालं असावं, हे विचारून उपयोग नव्हता.

राजवर्धन तसाच जतला गेला. आईला ओट्यावर बसवलं, मोबाइल मधे ठेवला, आवाज पूर्ण वाढवला. भामाबाईनं चाळीस मिनिटं एकदाही मान हलवली नाही. संपल्यावर म्हणाली, "कुनीतरी पार झालं."

"कोन?"

"ते कळंना. मेंढी असंल. कुनीतरी राहिलं आन् कुनीतरी पार झालं. भाऊ रडतोय, येवढं नक्की."

राजवर्धननं मोबाइल खिशात घातला. जीपमध्ये, एसटीत, सगळ्या वाटेनं त्यानं जे घोकलं होतं ते त्याला नीट आठवेना.

"आये, माजं चुकलं त्या दिशी."

"चुकलंच," भामाबाई म्हणाली.

"मला वाटलं तू लाजून पुरं म्हनतीयास."

"तीनदा म्हनलं."

"व्हय."

तिनं पदरानं ओट्याची कड पुसली. मग म्हणाली, "पयल्यांदा नाव घेतलं तवा लय ग्वाड वाटलं रं मला. माईकवर. जतच्या भामाबाई. समद्यांनी वळून बगितलं. दुसऱ्यांदाबी ग्वाड वाटलं. तवाच पुरं म्हनाया पायजे हुतं मी. म्हनलं न्हाई. बनुबाईचं नाव झालं हुतं न्हवं मधी. म्हनलं, आनी एकदा आपलं हुंदे."