फांदीखालचा पर्जन्यमापक

मी पर्जन्यमापक बोलतोय. पाऊस मोजणारा डबा म्हणा, राग नाही. जाड पत्र्याचा, तोंडाशी पितळी कडं, पोटात एक बाटली. शिकलेला नाही मी. वरून पडेल ते धरायचं आणि सकाळपर्यंत सांडू द्यायचं नाही, एवढंच मला येतं. ते मात्र चोख केलं.

पाणीपुरवठा कार्यालयाच्या मागच्या अंगणात मला बसवलं. नोंद ठेवणाऱ्या कारकुनाला सगळे थेंबराव म्हणत. रोज सकाळी साडेआठला ते यायचे, बाटलीतलं पाणी काचेच्या नळीत ओतायचे, वाकून, एक डोळा मिटून आकडा बघायचे आणि वहीत लिहायचे. सव्वीस वर्षं. अंगात ताप असला तरी. बायकोला स्मशानात पोचवून आले त्या दिवशीही.

त्या बाईंनीच माझ्याशेजारी एक रोप लावलं होतं. "उन्हात डोळे बारीक करत उभे असता, पुढं सावली होईल," म्हणाल्या. त्या गेल्या, रोप वाढलं. माळी एकदा म्हणाला, "साहेब, फांदी डब्यावर आलीय. उडवू का?"

"हात लावून तर बघ!"

माळी कात्री घेऊन दुसरीकडे वळला. मी तरी काय बोलणार? माझ्यात पडलं ते मला ठाऊक. पानांनी वरच्या वर झेललं, ते मला कसं कळावं?

त्याच सुमारास गावाबाहेरच्या टेकडीवर दगडाची खाण सुरू झाली. धूळ, हादरे, घरांच्या भिंतींना तडे. विरोधात उभा राहिला तो थेंबरावांचाच मुलगा. बापाच्या वह्या चाळताना त्याला दिसलं, खाण आल्यापासून पाऊस उतरत गेलाय. झालं! फलक लागले, 'खाणीनं पाव पाऊस खाल्ला.' खाणवाले ओरडले, "म्हातारा पोरासाठी आकडे बनवतो." दोन्हीकडचे घसा बसेपर्यंत भांडले. अंगणात येऊन माझ्या डोक्यावर काय आहे ते एकानंही बघितलं नाही.

आली ती एक संशोधक मुलगी. तिनं मोकळ्या मैदानात दुसरा डबा बसवला, पावसाळाभर दोन्ही मोजले आणि थेंबरावांपुढं कागद ठेवला. माझ्यातलं पाणी दर वेळी कमी भरलं होतं.

"माझा एक दिवस चुकलेला नाही, बाई," ते कडाडले.

"दिवस नाही चुकला, काका. जागा चुकली."

त्यांनी मान वर करून फांदीकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे खाण निर्दोष?"

"तसं कुठं म्हटलं मी? पाऊस घटला हे या वह्यांवरून ठरत नाही, एवढंच. धूळ आणि तडे वेगळे मोजायला हवेत. पावसाच्या भांडणात ते राहूनच गेलं."

दुसऱ्या दिवशी मुलगा अंगणात आला. "बाबा, खाण ठेवायची की नाही याचं मतदान आठ दिवसांवर आहे. फांदीचं नंतर बोला."

"तोवर लोकांनी खोट्या आकड्यावर मत द्यायचं?"

"खोटा कसा? तुम्हाला माहीत नव्हतं."

"काल नव्हतं. आज आहे."

मतदानाआधीच्या सभेत मला पुरावा म्हणून टेबलावर ठेवलं होतं. थेंबराव उठले. "फांदी डब्यावर आल्यापासूनचे माझे पंधरा वर्षांचे आकडे धरू नका. फांदी मी छाटू दिली नाही. चूक माझी आहे." खाणवाल्यांनी टाळ्या वाजवून सभागृह डोक्यावर घेतलं. "थांबा, पुढचं ऐका..." थेंबराव हात वर करून सांगत होते. तेवढ्यात कुणीतरी माईक काढून घेतला. एका बाजूला हवं ते मिळालं होतं, दुसरीला ऐकायचंच नव्हतं. मागून आवाज आला, "काय हो, किती घेतले?" मुलाच्या माणसांपैकीच कुणीतरी होता. मुलानं मान खाली घातली. ओरडणाऱ्याला गप्प मात्र केलं नाही.

खाण राहिली. मुलगा वेगळा राहतो, बापाशी बोलत नाही. मला मैदानात न्यायचं सोडून 'वादग्रस्त' म्हणून अडगळीच्या खोलीत टाकलं. कडं काळं पडलं, बाटली फुटली. माझं सोडा. पत्रा आहे मी.

तुम्हाला कुणी आकडा सांगितला, तर मोजणारा कुठं उभा होता ते विचारा. आकडा आपल्या सोयीचा असला तर दोनदा विचारा.

आणि एक. सभेत सांगायचं होतं ते सगळं, धुळीचं आणि तड्यांचं, थेंबरावांनी कागदावर लिहून नेलं होतं. शिपाई सांगतो, तो कागद अजून त्यांच्या खिशात असतो. घडीवर फाटायला आलाय. ते घरीच असतात. कुणीतरी जा, आणि त्यांना पुढचं बोलू द्या.