दोन बोटं आत

लेसिया कुझिकच्या चष्म्याला कुणी नावं ठेवली, की त्याची धडगत नसायची. बारा वर्षांची पोर, बर्फावरच्या हॉकीत गोल राखायची, पण जीभ म्हणजे मिरची. "ए ढापणे, एवढासा काळा पक दिसतो का गं?" असं पलीकडच्या गावच्या पोरींनी विचारलं, की हेल्मेटच्या जाळीआडून उत्तर यायचं, "तुझ्या नाकातला शेंबूडसुद्धा दिसतोय!"

कोच डॅरिलचा मात्र त्या काचांवर काडीचा भरवसा नव्हता. शनिवारी स्पर्धा सुरू होणार, गोलात लेसिया की दुसरी गोलकीपर ब्रिन, ते आजच्या सामन्यावर ठरणार होतं.

दोन-दोन अशी बरोबरी. शेवटची पाच मिनिटं. गोलासमोर ही झुंबड उडाली! काठ्या, कोपरं, बर्फाचा भुगा. लेसिया पाय फाकवून खाली बसली. गर्दी हटली तेव्हा पक, ती काळी रबरी चकती, तिच्या पायाच्या पॅडखाली होता.

"गोल!" पलीकडच्या पोरी ओरडल्या.

"कसला गोल? डोळे फुटलेत का?" लेसियाच्या संघातल्या पोरी उसळल्या.

म्हातारा रेफरी वॉल्टर नेमका पोरींच्या पाठीमागे अडकलेला. "वॉल्टर, आता तरी चष्मा घे रे बाबा!" कठड्यामागून आयाबाप ओरडले. असा पेच पडला की वॉल्टर सरळ गोलकीपरलाच विचारायचा. या बर्फाच्या रिंकवरची जुनी रीत होती ती.

"लेसिया, रेषा ओलांडली का?"

तिनं बाकाकडे पाहिलं. डॅरिल स्वतःच्या डोळ्यांकडे बोट दाखवून जोरजोरात मान हलवत होता. दिसलं नाही म्हण!

लेसियाचं डोकंच फिरलं. एरवी चष्मा नडतो, आणि आज बरा कामाला आला! तिनं स्वच्छ पाहिलं होतं. पक आत गेला होता आणि तिच्याच पॅडला लागून बाहेर आला होता. दिसलं म्हणावं तर सामना गेला, कोचही बिथरणार. पण दिसलं नाही असं म्हणायचं? तिनं?

"ओलांडली," ती खणखणीत म्हणाली. "दोन बोटं आत होता."

"अगं बये, गप्प बसली असतीस तर!" तिच्याच पोरी कळवळल्या. तो गोल काही फिटला नाही. तीन-दोन. हरल्या.

ड्रेसिंग रूममध्ये डॅरिल तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "दिसलं नाही म्हणायला काय जात होतं तुझं?"

"माझे डोळे जात होते, कोच. उद्या तुम्हीच म्हणाला असता, हिला दिसत नाही."

डॅरिलनं टोपी काढली, टाळू खाजवली, पुन्हा घातली.

"शनिवारी गोलात तूच," तो शेवटी गुरगुरला. "पण एवढं लख्ख दिसतंय ना, मग पुढच्या वेळी बाहेरच अडव की!"