मातृकक्षातला चहा

कारखान्यात तान्ह्या मुलांच्या आयांसाठी खोली झाली होती. दारावर 'मातृकक्ष' अशी पितळी पाटी, आत मऊ सोफा आणि छोटा फ्रीज. किल्ली मात्र सुपरवायझरच्या खिशात आणि जेवणानंतर सोफ्यावर घोरायचा तोच. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

पॅकिंगमधली ती रोज बाराला त्याच्याकडे हात पसरून किल्ली मागायची, दूध काढून बाटली फ्रीजमध्ये ठेवायची. दोनला नवरा फाटकावरून बाटली न्यायचा. तिची पाळी संपली की त्याची सुरू, तोवर लेक त्याच्याकडे. डब्याच्या दुधानं पाच महिन्यांची पोर भडाभडा ओकायची.

आज मोठे साहेब पाहुण्यांना खोली दाखवायला घेऊन आले होते. दोनला ती बाटली घ्यायला आली, तर मंडळी चहा पीत उभी. बाटली टेबलावर रिकामी पडलेली.

"यातलं दूध?"

"चहात घातलं. कॅन्टीनचं संपलं होतं," सुपरवायझर म्हणाला. "कुणाचं होतं?"

"माझं."

त्याला क्षणभर कळलंच नाही. मोठ्या साहेबांना आधी कळलं. त्यांनी घोट कपात परत सोडला. "शी!"

"अगं, चिठ्ठी लावायची ना!" सुपरवायझर खेकसला.

"फ्रीजवर लावली होती. सकाळी तुम्हीच फाडलीत. पाहुण्यांपुढे गबाळं दिसतं म्हणालात."

साहेब बेसिनवर खळाखळा चुळा भरू लागले. मूल आता काय पिणार, हे एकानंही विचारलं नाही. त्या थुंकणाऱ्या तोंडांची तिला शिसारी आली.

फाटकावर नवरा रडून लालबुंद झालेल्या लेकीला थोपटत होता. "बाटली?"

"साहेबांनी चहात घालून प्यायली."

तो हसला. मग तिचा चेहरा बघून त्यानं विचारलं, "येऊ का आत?"

"नको. कुणाचं तरी थोबाड फोडशील आणि नोकरी जाईल माझी."

तिनं लेक खांद्यावर घेतली. वॉचमननं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तिच्याकडे बघून नुसतंच फाटक उघडलं.

ती खोलीत शिरली आणि सरळ सोफ्यावर बसली. मंडळी अजून तिथंच होती. तिनं सुपरवायझरपुढे हात पसरला.

"किल्ली."

त्यानं खिशातून काढून दिली.

"आता निघा सगळे. पोरीला भूक लागलीय. आणि ते कप घेऊन जा, मला ओकारी येतेय."