जाड पेन्सिलीची रेघ

परक्या साहेबाने ती रेघ ओढली तेव्हा त्याची पेन्सिल बोथट होती. तासा म्हणून कोण सांगणार त्याला? एका मुलखाचे दोन केले आणि स्वारी सातासमुद्रापार निघून गेली. कागदावर रेघ दोऱ्याएवढी जाड. जमिनीवर तेवढ्या जाडीत शंभर पावलं मावतात. त्या शंभर पावलांत धाकटीच्या ताईचं घर होतं.

धाकटी नकाशा-कचेरीत ट्रेसिंग करायची. आता रेघेवर तारेचं कुंपण येणार होतं, आणि बारीक पेनाने ती नव्याने उतरवायचं काम नेमकं तिच्याच टेबलावर आलं. पलीकडच्या देशातही कुणीतरी तीच रेघ उतरवत होतं. दुपारी दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून जुळवायचे होते.

"मधोमध ओढा बाई," मुख्य नकाशेवाले म्हणाले. "मनाची नक्षी नको."

मधोमध म्हणजे ताईच्या स्वयंपाकघरातून. सकाळीच ताईचा फोन आला होता. "काय गं, कुठल्या देशात राहते मी, ठरलं का? नाहीतर दाराला दोन पाट्या लावते!" मग हसू विरलं. "सासूबाईंना कुशीवर वळवलं तरी कळवळतात. त्यांची खाट हलवायला लावू नका गं कुणी."

धाकटीने तळहाताचा घाम पदराला पुसला, पेन टेकवलं, आणि जाड रेघेच्या पलीकडच्या काठाकाठाने नेलं. घर अलीकडे आलं. केसाएवढा तर फरक! कोण बघतंय?

दुपारी तिकडचा कागद आला. काचेखाली दिवा लागला. तिकडची रेघ अलीकडच्या काठाने आली होती. त्या हातानेही घर स्वतःच्या देशात ओढलं होतं.

दोन रेघांच्या मधे एक पट्टी उरली होती, आणि पट्टीत ताईचं घर.

"पट्टी दोघांची, म्हणजे कुणाचीच नाही," नकाशेवाले म्हणाले. "तीन दिवसांत मोकळी करायला लावतील. मधोमध म्हणालो होतो ना? रेघ घरावरून गेली तर घरवाल्यांनी देश निवडायचा, सकाळीच हुकूम आलाय."

"माझा हात चुकला. तसं लिहून देते. नोकरी गेली तरी चालेल."

"एकट्या तुमचा हात सुधारून काय होतंय? त्यांचाही सुधारायला नको?"

"मग त्या हाताचा नंबर द्या."

नकाशेवाल्यांनी नंबर लावून फोन पुढे सरकवला. "संध्याकाळी सह्या होतील. त्याआधी काय ते करा."

पलीकडे घंटी वाजू लागली. रागावून बोलायचं नाही, तिने स्वतःला बजावलं. आधी एवढंच विचारायचं: तुमचं कोण राहतं हो तिथे?

घंटी वाजतच होती.