दारावरचा लाल दिवा

खंडेरावांनी नुसता पंजा वर केला आणि ऑफिसातली मनीषा पॅसेजच्या तोंडाशीच थबकली. दारावरचा लाल दिवा लागलेला होता. आत विश्वेश सर भाजलेल्या कातडीवर लावायचा मऊ पडदा कणाकणानं मोजत होते. त्यांचं सूक्ष्मदर्शक इतकं नाजूक, की बाहेर कुणी चाललं तरी आकडे थरथरायचे. म्हणून गंगापूर रोडवरच्या या संशोधन संस्थेत दारापाशी स्टूल टाकून बसायचं आणि कुणाला फिरकू द्यायचं नाही, ही खंडेरावांची नोकरी.

काम म्हणाल तर काहीच नाही, पण रुबाब फौजदाराचा. खुद्द डायरेक्टरसाहेबांना त्यांनी एकदा अडवलं होतं. मनीषाला तर पहिल्याच आठवड्यात असं झापलं होतं, की पोरगी डोळे पुसत जागेवर गेली.

आज ती हातवारे करू लागली. खंडेरावांनी डोळे वटारले. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

दिवा विझला तशी ती धावत आली. "काका, सिव्हिलमधून फोन आला होता. काकूंचं जास्त झालंय, लगेच बोलावलंय."

"सकाळी वार्डात बघून आलो, तवा तर बरी व्हती! कधी आला फोन?"

"तासभर झाला असेल." तिला रडूच फुटलं. "तुम्हीच म्हणाला होतात ना, काहीही झालं तरी..."

सिव्हिलच्या जिन्यावर शेजारच्या सरुबाई भेटल्या. त्यांनी तोंडाला पदर लावलेला पाहून खंडेराव काय ते समजले.

"आत्ताच गेली ठमा. लय वाट पाह्यली, भाऊ. म्या म्हनलं, परत फोन लावते. तर म्हनली, नको, त्यांचं मशीन हालंल."

हे तिला त्यांनीच सांगितलं होतं, जेवताना, मोठ्या तोऱ्यात.

तेरावं उरकून ते कामावर आले, तेव्हा विश्वेश सर स्वतः बाहेर आले. भला माणूस. म्हणाले, "मनीषानं दार वाजवायचं होतं, खंडेराव. फार तर रीडिंग बिघडलं असतं. पुन्हा घेतलं असतं."

"पुन्हा घेता येतं?"

"अहो, नेहमीच घेतो."

सर आत गेल्यावर मनीषा खाली मान घालून चहा घेऊन आली.

"तुजं काय चुकलं नाय, पोरी," ते म्हणाले. "तू माझं ऐकलंस. तिनंबी माझंच ऐकलं."