दुर्बीणबाईंची माया

सबंध महामारीत दुर्बीणबाईंनी एकच काम मन लावून केलं, ते म्हणजे चहाड्या. लोक घराघरांत कोंडलेले असताना या बाई तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत खुर्ची टाकून बसायच्या, मांडीवर नवऱ्याचा लांब नळीचा कॅमेरा. कुणाचा मास्क नाकाखाली आला, क्लिक. कुणी जिन्यात विडी ओढली, क्लिक. पोरांनी चेंडूसाठी भिंत ओलांडली, क्लिक. मग तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवर, आणि प्रकरण मोठं असेल तर आरोग्य खात्याच्या नंबरवर. दुर्बीणबाई हे नाव पडलं ते त्याच दिवसांत, आणि ते त्यांच्या कानावर आलं नाही, कारण त्यांच्या तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती.

साथ सरली. मग सुचायचं ते सुचलंच. संग्रहालयवाल्यांनी जाहीर केलं की सामान्य माणसांनी टिपलेले महामारीचे दिवस भिंतीवर मांडायचे, सगळ्यांनी फोटो पाठवा. लोकांनी काय पाठवलं? घरी भाजलेला पाव, खिडकीतलं मांजर, आणि सूर्यास्त. नुसते सूर्यास्त! प्रदर्शन भरवणाऱ्या मॅडम अगदी वैतागून गेल्या होत्या. तेवढ्यात दुर्बीणबाईंचा पेनड्राइव्ह आला.

मॅडम धावत घरी आल्या. "किती माया आहे हो तुमच्या नजरेत! दुरून, पण किती आपलेपणानं टिपलंय तुम्ही माणसांना!"

बाईंना आधी कळेना ही कुणाबद्दल बोलतेय. त्यांनी मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं. नवरा पेपरात तोंड खुपसून बसलेला. मग बाईंनी विचार केला, इतकी शिकलेली बाई माया आहे म्हणते, तर असेलच. आपल्याला आपलं कुठे कळतं!

विडीवाल्याच्या फोटोखाली पाटी आली, 'एकांत'. भिंतीवरच्या पोरांना नाव मिळालं, 'आकाश'. आणि सगळ्यांत मोठा करायला निवडला तो समोरच्या गच्चीवरचा फोटो. टेलरकाका उभे, गळ्यात टेप, दातांत कंगवा धरलेला, आणि पुढ्यात स्टुलावर बसलेल्या काकूंचे केस दोन्ही हातांत. काकूंचे डोळे मिटलेले. ऊन तिरपं. नाव दिलं, 'सोबत'. त्याचीच पोस्टरं छापून बसस्टॉपवर चिकटवली.

आता त्या फोटोसोबत दुर्बीणबाईंनी तेव्हा काय लिहून पाठवलं होतं, तेही ऐका. 'दोघं पॉझिटिव्ह असून गच्चीवर मोकाट. ताबडतोब उचला.' ग्रुपवर त्याला अंगठ्यांची रांग लागली होती. संध्याकाळच्या आत गाडी आली. काकांना एका ठिकाणी नेलं, काकूंना दुसऱ्या. काका परत आले. काकू आल्याच नाहीत, आणि देहसुद्धा मिळाला नाही. हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. पण ज्याचा त्याचा अंगठा त्यात गुंतलेला, मग बोलतंय कोण?

प्रदर्शनाआधी काका दारात येऊन उभे राहिले. चपला काढल्या नाहीत, आतही आले नाहीत.

"बाई, तो फोटो तुम्ही काढलात?"

"अय्या काका! या ना. पाणी आणू?"

"पाणी नको. गाडीवाल्यानं मला दाखवला होता हा फोटो. पुरावा आहे म्हणाला, भांडू नका. मी तिच्याकडे नीट बघेपर्यंत त्यानं मोबाइल खिशात घातला. कुणी पाठवला ते पोस्टरवर तुमचं नाव वाचून कळलं."

बाईंची जीभ कुठली थांबायला! "तेव्हा नियमच तसे होते हो काका. मी काय माझ्यासाठी केलं? सगळ्यांच्या जिवाचा प्रश्न होता."

"नियमाचं विचारायला नाही आलो. तिला भिंतीवरून उतरवा एवढंच सांगायला आलोय."

"अहो, पण किती सुंदर आलाय! मी तुम्हाला कॉपी देते. फ्रेम करून देते, झालं?"

"खिडकी लावल्याशिवाय माझ्या बायकोनं कधी केस सोडले नाहीत," काका म्हणाले. "तापानं हात वर जात नव्हते तिचे, म्हणून मी विंचरत होतो. गच्चीवर कुणी नाही असं समजून बसली होती ती. आता स्टॉपवर तिच्याखाली उभं राहून लोक शेंगदाणे खातात. उतरवा तिला."

"बोलते मी मॅडमशी," बाई म्हणाल्या आणि दार लावलं.

बोलल्याही. मॅडमचे डोळे असे चमकले की विचारू नका. "उतरवायचं? वेड्या आहात का? हेच तर सोनं आहे! उद्घाटनाला तुम्ही स्टेजवर सगळं खरं सांगून टाका. काकांना पहिल्या रांगेत बसवू. हॉल हलून जाईल."

बाईंनी चार दिवस आरशासमोर तालीम केली.

"रडायचं कुठे ठरलंय?" नवऱ्यानं विचारलं.

"काकू परत आल्या नाहीत म्हणते ना, तिथे."

"आणि आलंच नाही रडू?"

"तुमच्याकडे बघेन," बाई म्हणाल्या.

उद्घाटनाला हॉल गच्च. काका आले होते. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर कागदांची जाड गुंडाळी. येता येता ते स्टॉपस्टॉपवरची पोस्टरं सोलून आले होते, पण त्या गुंडाळीकडे बघायला कुणाला सवड होती!

बाई बोलल्या. फर्मास बोलल्या. "मी गुन्हेगार आहे," म्हणाल्या आणि रुमाल बरोब्बर वेळेवर निघाला. लोक उभे राहून टाळ्या पिटू लागले. 'केवढं धैर्य!' 'केवढा प्रांजळपणा!' ज्यांनी ग्रुपवर अंगठे दिले होते तेच सगळ्यांत जोरात. एका बाईच्या कबुलीत सगळी आळी फुकटात धुऊन निघाली. मॅडमनी बाईंना मिठी मारली आणि माइक त्यांच्याच हातात ठेवून म्हणाल्या, "काका, तुम्ही दोन शब्द?"

काका उठले. स्टेजकडे न जाता सरळ भिंतीकडे गेले. गुंडाळी काखेत मारली, दोन्ही हातांनी फ्रेम उचलली, तार खिळ्यावरून सोडवली. फोटोची बाजू छातीशी धरली.

टाळ्या विरल्या.

"अहो काका, ते प्रदर्शनाचं आहे!" मॅडम ओरडल्या. दारातला वॉचमन आडवा आला.

"माझी बायको आहे," काका त्याला म्हणाले. "घरी नेतोय. दोघांना नेलं होतं, एकालाच सोडलं."

वॉचमन बाजूला सरकला. पुढच्या रांगेतले मोबाइल वर गेले, मागच्या रांगेतलेही गेले. फोटो कसला मिळणार? एका म्हाताऱ्याची पाठ, बस्स.

तेवढ्यात हॉलभर आवाज घुमला. दुर्बीणबाई खाली बसलेल्या नवऱ्याला दबक्या आवाजात सांगत होत्या, पण माइक चालूच होता.

"अहो, बघत काय बसलात? कॅमेरा काढा! पुढून जा, पुढून! चेहरा यायला हवा!"

नवरा उठला नाही. त्यानं कॅमेऱ्याच्या पिशवीची चेन ओढून बंद केली. काका तोवर पायऱ्या उतरून रस्त्याला लागले होते.